फायबर वाढवायचं, पण कशाच्या जागी?

पत्र, थोडक्यात:

«मला दोन मुलं. मुलगी नऊ वर्षांची, चौथीत आहे. शाळेच्या तपासणीत तिचं वजन ३७ किलो आणि उंची १३२ सेंटिमीटर भरली. कार्डावर ‘वजन जास्त’ असा शेरा आला. धाकटा साडेतीन वर्षांचा, १२ किलो २०० ग्रॅम. चार महिने झाले, त्याच्या वजनाचा काटा हललेला नाही. फायबरने वजन आटोक्यात येतं असं जो तो सांगतो, म्हणून दीड महिन्यापासून मी कणकेत गव्हाचा कोंडा मिसळते, मुलीला हाय फायबर बिस्किटं देते आणि रात्री सासऱ्यांच्या डब्यातलं चमचाभर इसबगोल दोन घोट पाण्याबरोबर देते. स्वयंपाक एकच होतो, त्यामुळे पोळ्या आणि बिस्किटं धाकटाही खातो. मुलीचं वजन तसूभर कमी झालेलं नाही. उलट पोट दुखतं म्हणते, शी खड्यासारखी आणि दोन-तीन दिवसांनी होते. धाकटा चार घास खाऊन उठतो. सासूबाई म्हणतात, वाढीचं वय आहे, पोरीला खाऊ दे, हे खूळ सोड. नवरा तिला ‘गोलू’ म्हणून हसतो. मुलांना दिवसाला नेमकं किती फायबर लागतं? एखादी चांगली पावडर सुचवाल का? सोबत दोघांच्या दोन दिवसांच्या खाण्याची यादी पाठवते आहे.
— एक आई, चिंचवड»

ताई, नमस्कार.

आधी काय बंद करायचं ते सांगते, कारण पुढे काय होईल ते होवो, हे आजच व्हायला हवं. पोळीतला वेगळा कोंडा बंद. इसबगोल बंद. ती बिस्किटं दोघांचीही बंद. पावडर सुचवणार नाही. मुलीचं पोट दुखतंय आणि मुलगा उपाशी उठतोय, या दोन्हींत या तीन गोष्टींचा हात असण्याची दाट शक्यता आहे.

तुमच्या पत्रापेक्षा सोबतची यादी मी जास्त वेळा वाचली. मुलीची सकाळ चॉकलेटची पावडर घातलेलं दूध आणि चार हाय फायबर बिस्किटं यांनी सुरू होते. डब्यात पोळीला जॅम लावून केलेला रोल. शाळेतून आल्यावर वरणभात आणि बटाट्याची भाजी. पाच वाजता क्लासला जाताना ज्यूसचा टेट्रापॅक आणि वेफर्सचं पाकीट. रात्री दीड पोळी, आणि भाजीतल्या फोडी बाजूला काढून नुसता रस्सा. यादीच्या तळाशी तुम्ही सहज एक ओळ लिहिली आहे: ‘पोळ्या मऊ व्हाव्यात म्हणून सासूबाई पीठ मैद्याच्या चाळणीने चाळतात, मग मी त्यात कोंडा घालते.’

ही ओळ वाचून मला हसू आलं, रागावू नका. गिरणीतून दळून आणलेल्या गव्हाच्या पिठात शंभर ग्रॅमला साधारण ११ ग्रॅम फायबर असतं, मैद्यात ३ ग्रॅमही नाही. म्हणजे सासूबाई बारीक चाळणीतून जे काढून टाकतात तेच तुम्ही दुकानातून पाकिटात विकत आणून परत कणकेत घालताय. फक्त विकतचा कोंडा जाडाभरडा, कोरडा, आणि अंदाजाने मूठभर पडणारा. घरच्या पिठातला कोंडा दाण्याबरोबर दळलेला, कणीक मळताना पाणी प्यायलेला. पीठ चाळायचंच असेल तर जाड चाळणी वापरा, खडा-किडा निघण्यापुरती. पोळी कडक होते ही तक्रार कणीक सैल मळून अर्धा तास झाकून ठेवली की बरीचशी मिटते. सासूबाईंना हे तुम्ही सांगण्यापेक्षा त्यांच्याच हाताने एकदा करून बघायला सांगा. पोळी हा त्यांचा प्रांत आहे.

आता फायबर वजनाचं काय करतं ते. धान्य, डाळी, भाज्या, फळं यांतला जो भाग आपल्या लहान आतड्यात पचत नाही तो म्हणजे फायबर. तो चरबी जाळत नाही, ओढून नेत नाही, विरघळवत तर मुळीच नाही. त्याची कामं साधी आहेत. तो असला की घास चावावा लागतो, त्यामुळे जेवण सावकाश होतं. तो पोटात जागा घेतो आणि त्या जागेच्या मानाने कॅलरी फारच कमी देतो. त्यातला चिकट प्रकार, म्हणजे ओट्समधला, गवारीतला, मेथीदाण्यांतला, पोट लवकर रिकामं होऊ देत नाही. उरलेला मोठ्या आतड्यात गेला की तिथले जिवाणू त्यातला बराचसा आंबवतात.

यातलं प्रत्येक काम एका अटीवर चालतं. फायबरवालं अन्न खाल्ल्यामुळे दुसरं काहीतरी कमी खाल्लं गेलं पाहिजे. तुमच्या मुलीच्या बाबतीत तसं काहीच कमी झालेलं नाही. जॅम, ज्यूस, वेफर्स जागच्या जागी आहेत आणि वर कोंडा आला आहे. वजन हलणार कसं?

बिस्किटांचा हिशेब करून बघा. पाकिटावर ‘हाय फायबर’ छापायचं तर आपल्याकडच्या अन्नसुरक्षा नियमांप्रमाणे शंभर ग्रॅमला किमान ६ ग्रॅम फायबर असावं लागतं. दहा ग्रॅमचं एक बिस्किट धरलं तर चार बिस्किटांत सुमारे अडीच ग्रॅम. त्याबरोबर मैदा, साखर आणि तेल मिळून पावणेदोनशे ते दोनशे कॅलरी. त्याऐवजी एक मध्यम पेरू घ्या. त्यात ५ ग्रॅमच्या वर फायबर असतं आणि कॅलरी पन्नास ते सत्तर. शिवाय पेरू खायला दहा मिनिटं लागतात, बिस्किटं दुधात बुडवून दोन मिनिटांत संपतात. पाकीट खोटं बोलत नाही, पण मुलीच्या वजनासाठी ते तुमच्या काही कामाचं नाही.

ज्यूसचं तर विचारूच नका. १९७७ साली इंग्लंडमधल्या ब्रिस्टलला केनेथ हीटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक छान प्रयोग केला होता. मोठ्या माणसांना त्यांनी सफरचंद तीन रूपांत दिलं: अख्खं, लगदा करून, आणि रस काढून. रस अख्ख्या सफरचंदाच्या अकरा पट वेगाने पोटात गेला, लगदा साधारण तिप्पट वेगाने. पोट भरल्याची जाणीव सगळ्यांत जास्त अख्ख्या फळाने झाली, रसाने सगळ्यांत कमी. फळ तेच होतं, त्यातली साखरही तीच. दोनशे मिलिलिटरच्या टेट्रापॅकमध्ये साधारण पाच-सहा चमचे साखर असते आणि फायबर जवळजवळ नसतंच. ‘शंभर टक्के फळांचा’ असं छापलेलं असलं तरी तेच. जागतिक आरोग्य संघटना रसातल्या साखरेला वरून घातलेल्या साखरेच्याच रांगेत बसवते.

तुम्ही विचारलंत नेमकं किती. याच संघटनेने २०२३ मध्ये दिलेले आकडे असे: २ ते ५ वर्षांच्या मुलांना दिवसाला किमान १५ ग्रॅम, ६ ते ९ वर्षांना २१ ग्रॅम, दहाच्या पुढे २५ ग्रॅम. त्याआधी बालरोगतज्ज्ञ एक सोपं सूत्र सांगत, अजूनही बरेच सांगतात: वय अधिक पाच. ते अमेरिकेत १९९५ मध्ये आलं. त्याप्रमाणे तुमच्या मुलीला किमान १४ ग्रॅम आणि मुलाला आठ-साडेआठ. दोन आकड्यांत एवढी तफावत बघून गोंधळू नका. मुलीसाठी वरच्या आकड्याकडे जायचं, मुलासाठी सध्या खालच्यावर समाधान मानायचं. का, ते पुढे येतंच.

२१ ग्रॅम ऐकायला मोठं वाटतं. पण दोन न चाळलेल्या पिठाच्या पोळ्या म्हणजे साधारण ७ ग्रॅम झाले. मूठभर मटकीची मोड आणून केलेली उसळ, साडेचार. तुरीचं वाटीभर वरण, दोनाच्या आसपास. शंभर ग्रॅम भाजी, फोडींसकट, तीन-साडेतीन. एक पेरू, पाच. बेरीज करा, २१ भरतात. यात एकही विकतची आरोग्यदायी वस्तू नाही. पोळीऐवजी ज्वारीची किंवा बाजरीची भाकरी घेतली तरी गणित तेवढंच येतं. यादीतल्या सध्याच्या खाण्यात, कोंडा सोडून, मला जेमतेम नऊ-दहा ग्रॅम दिसतात. भाताने फार भर पडत नाही, शंभर ग्रॅम तांदळात तीनाच्या आतच असतं. पोह्यांचंही तसंच, म्हणून पोह्यांत मटार, शेंगदाणे, गाजर सढळ हाताने घाला.

मुलांवरच्या अभ्यासांबद्दलही दोन शब्द, कारण तुम्हाला कुणीतरी पावडरची जाहिरात दाखवणार हे नक्की. कॅनडात कॅल्गरीला ७ ते १२ वर्षांच्या, वजन जास्त असलेल्या ४२ मुलांवर अभ्यास झाला. त्यातल्या साधारण निम्म्यांना सोळा आठवडे रोज आठ ग्रॅम इन्युलिन प्रकारचं, म्हणजे पाण्यात विरघळणारं, फायबर दिलं गेलं, बाकीच्यांना तशीच दिसणारी पण बिनफायबरची पावडर. २०१७ मध्ये निष्कर्ष आले. फायबर घेतलेल्या मुलांच्या अंगातल्या चरबीचं प्रमाण थोडं उतरलं होतं. अभ्यास चांगला, पण मुलं बेचाळीस आणि फरक लहान. घराघरांत महागडे डबे आणावेत इतकं बळ त्यात मला दिसत नाही.

मला लॉस एंजेलिसचा अभ्यास जास्त पटतो. तिथल्या लॅटिनो कुटुंबांतल्या, वजन जास्त असलेल्या किशोरवयीन मुलांना सोळा आठवडे खाण्याचे धडे दिले गेले. धडे घेतलेल्या आणि न घेतलेल्या गटांत मोठा फरक दिसला नाही. पण गट बाजूला ठेवून ज्यांनी खरोखर बदल केला ती मुलं पाहिली, तेव्हा चित्र स्पष्ट झालं. ज्यांनी दिवसाला सरासरी पाच ग्रॅम फायबर वाढवलं होतं, म्हणजे अर्धा कप राजम्याएवढं, त्यांच्या पोटातली, अवयवांभोवतीची चरबी दहा टक्क्यांनी उतरली होती. ज्यांनी सुमारे एका कोल्ड्रिंकच्या कॅनएवढी साखर कमी केली होती त्यांच्या रक्तातलं इन्शुलिन खाली आलं होतं. हा २००९ चा अभ्यास आहे. अशा अभ्यासाने कारण-परिणाम सिद्ध होत नाही, हे खरंच. पण घरात करण्याजोगं यापेक्षा सोपं काय असणार? एक उसळ वाढवा, एक ज्यूस काढा.

पोटातल्या चरबीचा मुद्दा आपल्या मुलांना जास्त लागू पडतो, आणि इथे सासूबाईंच्या ‘वाढीचं वय आहे’ला उत्तर आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर स्त्रिया आणि त्यांच्या बाळांचा माग ठेवला. तिथली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोची होती, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची साडेतीन किलोची. आपली बाळं प्रत्येक मापात लहान निघाली; स्नायूंत, पोटातल्या अवयवांत, सगळ्यात. फक्त पाठीवर, खांद्याच्या हाडाखाली चिमटीत येणारी चरबी जवळजवळ टिकून होती. बारीक दिसणारं पण चरबी धरून असलेलं बाळ. पुढे याच मुलांना तरुणपणी मधुमेहाचा धोका जास्त, असं या गटाचं काम सांगत आलंय. म्हणून आपल्याकडे ‘खातं-पितं गुटगुटीत’ यावर खूश राहून चालत नाही. भारतीय बालरोग संघटनेने २०१५ मध्ये वाढीचे तक्ते नव्याने काढले, तेव्हा जास्त वजनाची रेषा मोठ्यांच्या २५ ऐवजी २३ या बॉडी मास इंडेक्सला (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) जुळवली ती याच कारणाने.

तुमच्या मुलीचा इंडेक्स २१ च्या थोडा वर येतो. मोठ्या बाईला तो उत्तम, नऊ वर्षांच्या मुलीला जास्त. शेरा बरोबर आहे. पण घाबरून तिचं वजन उतरवायला जाऊ नका. या वयात उंची वर्षाला साधारण पाच-सहा सेंटिमीटर वाढते. समजा वर्षभर तिचं वजन ३७ वरच राहिलं आणि उंची १३८ झाली, तर इंडेक्स आपोआप साडेएकोणीसच्या खाली येतो. एक किलोही न घटवता. म्हणजे तुमचं काम वजन कमी करणं हे नाहीच; ते वाढू न देता उंचीला गाठू देणं, एवढंच आहे. वर्षात किलो-दीड किलो वाढलं तरी आभाळ कोसळत नाही.

त्यासाठी काय बदलायचं? सगळं एका सोमवारी बदलू नका, मुलगी बंड करेल आणि तिचं पोटही. आधी ज्यूस जाऊ दे, त्या जागी फळ आणि पाणी. पेरू, संत्रं, सीताफळाच्या दिवसांत अर्धं सीताफळ, काही नाही तर केळं. आठवड्याभराने जॅमचा रोल. त्याच पोळीत मटकीची किंवा हरभऱ्याची कोरडी उसळ, किंवा भाजणीचं थालीपीठ आणि सोबत दह्याची छोटी डबी. मधल्या सुट्टीत मुलांना खायला फार वेळ नसतो, म्हणून हाताने खाता येईल आणि सांडणार नाही असं द्या. उसळ आधी रविवारी घरी गरम गरम करून बघा, एकदम डब्यात धाडू नका. डबा तसाच परत येईल. मग बिस्किटांच्या जागी घरचा नाश्ता: उपमा, धिरडं, नाचणीची आंबोळी, भाज्या घातलेले पोहे. वेफर्स पूर्ण बंद करायची मी सक्ती करणार नाही, शनिवारी खाऊ दे. भाजीतल्या फोडी ती बाजूला काढते ना, तर काही दिवस भाजी किसून, थालीपिठात, पराठ्यात, वरणात शिजवून द्या. पण फोडींची भाजीही पानात चमचाभर वाढत राहा. पंधरा-वीस वेळा पानात आली की मुलं चाखायला लागतात, न बोलता वाढलं तर जास्त लवकर.

चॉकलेटची पावडर राहिलीच. दूध असू द्या, पावडर निम्म्यावर आणा, महिन्याभरात संपवा.

आता शी. हा भाग मी टाळणार नाही, कारण निम्म्या आया याच वळणावर फायबरला दोष देऊन सोडून देतात. जास्तीचा कोंडा आणि इसबगोल पाणी ओढून घेतात. पाणी पुरेसं नसेल तर पोटात लगदा घट्ट होतो आणि त्रास वाढतो. दोन घोट पाण्यात इसबगोल तर मुळीच द्यायचं नसतं; ते घशात फुगून अडकू शकतं. सासऱ्यांनाही भरपूर पाण्याबरोबर घ्यायला सांगा. शिवाय चौथीतली मुलगी शाळेतलं स्वच्छतागृह वापरत नाही, म्हणून पाणीही पीत नाही, ही घरोघरची गोष्ट आहे. संध्याकाळी तिची बाटली हातात घेऊन बघा किती भरलेली परत येते. त्यावरून मला कळवण्याची गरज नाही, तुम्हालाच कळेल.

मुलांच्या बद्धकोष्ठाबद्दल युरोप आणि अमेरिकेतल्या बालपोटविकारतज्ज्ञांच्या संघटनांनी २०१४ मध्ये एकत्र मार्गदर्शन काढलं. त्यात म्हटलं आहे की खाण्यात नेहमीइतकं फायबर हवं, पण उपचार म्हणून वरून फायबर देऊ नये. आधीच खडा साचलेला असेल तर तो मऊ करायला औषध लागतं, ते बालरोगतज्ज्ञच देतील. दोन आठवड्यांत फरक पडला नाही, किंवा शीतून रक्त दिसलं, तर थांबू नका. तोवर सकाळी नाश्त्यानंतर पाच-दहा मिनिटं तिला निवांत बसू द्या, व्हॅन यायच्या दोन मिनिटं आधी नव्हे. कमोड असेल आणि पाय लोंबकळत असतील तर पायाखाली पाट ठेवा. याने जेवढा फरक पडतो तेवढा तुमच्या कोंड्याने पडला नसता.

धाकट्याचं उत्तर अगदी उलट आहे. साडेतीन वर्षांच्या मुलाचं वजन १२ किलो २०० म्हणजे कमी वजनाच्या रेषेच्या अगदी काठावर. चार महिने काटा न हलणं मला त्याहून जास्त खटकतं. महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या दर शंभर मुलांमागे ३६ कमी वजनाची, हे २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसलं. त्याच पाहणीत चारच्या आसपास मुलं जास्त वजनाची. तुमच्या घरात दोन्ही टोकं एका ताटावर बसली आहेत आणि दोघांना एकच पोळी मिळते आहे, एवढाच घोळ.

त्याला दिवसाला हजार-अकराशे कॅलरी लागतात आणि त्या पाच-सहा लहान खाण्यांत बसवायच्या असतात. कोंड्याने मुलीचं पोट भरलं तर ज्यूस कमी जाईल अशी तुमची आशा होती. त्याचं पोट भरलं तर वरण, तूप, दूध कमी जातं. शिवाय कोंड्यातलं फायटेट नावाचं द्रव्य लोह आणि झिंक नीट शोषू देत नाही, आणि बारीक मुलाला हे दोन्ही हवेच असतात.

आपल्या जुन्या बायकांना हे माहीत होतं. नाचणीचं सत्त्व कसं काढतात आठवा. नाचणी भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, वाटायची, पाणी घालून तलम फडक्यातून गाळायची. दुधासारखं पाणी पातेल्यात निवळत ठेवायचं, वरचं पाणी ओतून टाकायचं, तळाला बसलेलं सत्त्व ताटात पसरून वाळवायचं. फडक्यात उरतो तो चोथा, म्हणजे बहुतेक सगळं फायबर. ते बाळाच्या पोटात जागा अडवू नये म्हणून खास मेहनत घेऊन काढून टाकलं जायचं. सासूबाईंना सत्त्व काढता येत असेल तर धाकट्यासाठी त्यांना ते काम द्याच. त्याहूनही बरं, मोड आलेली नाचणी वाळवून, हलकीशी भाजून, दळून घ्या. चोथ्याबरोबर जाणारं कॅल्शियम त्यात बरंचसं टिकतं, आणि मोड येताना तयार झालेलं अमायलेज नावाचं पाचक द्रव्य स्टार्च तोडतं, म्हणून तेवढ्याच वाटीत जास्त पीठ शिजवूनही खीर गोळा होत नाही, पातळ राहते. साडेतीन वर्षांच्या पोटाला तेवढा चोथा झेपतो. त्याला कोंडा नको, एवढंच.

बाकी त्याला मुगाच्या डाळीची मऊ खिचडी वर चमचाभर तूप घालून, दहीभात, अंडं खात असाल तर रोज एक, केळं, रताळ्याची दुधातली खीर, आणि पोहे-भाजी-कोशिंबीर सगळ्यावर शेंगदाण्याचं कूट. कूटच हं, अख्खे दाणे या वयात घशात अडकतात. बिस्किटं नि चॉकलेट देऊन त्याला ‘भरण्याच्या’ फंदात पडू नका. पुण्याच्या बाळांची गोष्ट त्यालाही लागू आहे. फळं-भाज्या त्यालाही हव्यात, फक्त जेवणाच्या सुरुवातीला नकोत. आणि स्वयंपाक दोनदा करायची गरज नाही. मटकीची उसळ एकच, मुलीला वाटीभर पोळीबरोबर, त्याला चमच्याने चेचून तूपभातात. वरण एकच, तिच्यात दुधी-पालक घोटून, त्याच्यावर तूप सोडून.

त्याला मात्र डॉक्टरांकडे नक्की न्या, पुढच्या आठवड्यातच. जंताचं औषध कधी दिलं होतं ते सांगा. वरचेवर जुलाब होतात का, पोट फुगतं का, घरात कुणाला टीबी आहे किंवा होऊन गेला आहे का, हे ते विचारतील. गव्हाचे पदार्थ खाल्ल्यावर त्रास होतो असं वाटलं तर तेही सांगा. गहू मनाने बंद करू नका, नाहीतर सीलिॲकची, म्हणजे गहू न सोसण्याच्या आजाराची, तपासणी चुकीची येऊ शकते. मुलीलाही त्याच वेळी दाखवून घ्या. तिच्या मानेवर मागे काळपट, मखमलीसारखा पट्टा दिसतो का बघा, तुम्ही मळ म्हणून घासत असाल. झोपेत घोरत असेल, किंवा वजन वाढतंय पण उंची अडली आहे असं वाटत असेल, तर तेही लिहून न्या.

नवऱ्याला माझ्या नावाने सांगा, ‘गोलू’ आजपासून बंद. प्रेमाने म्हणतात हे मला ठाऊक आहे. घरच्यांनी वजनावरून चिडवलेल्या मुली पुढे लपून खाणं, जेवण टाळणं याकडे वळतात, आणि त्यांचं वजनही जास्त वाढतं, असं अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. ज्यूस बंद होणार असेल तर तो घरातून सगळ्यांसाठीच बंद व्हावा. भावाला टेट्रापॅक आणि तिला पाणी असं झालं तर ती बरोबर हिशेब मांडेल. संध्याकाळी तासभर खाली खेळायला जाऊ दे. क्लास एक दिवस बुडाला तरी चालेल, हे माझं वैयक्तिक मत.

वजन महिन्यातून एकदाच करा, एकाच काट्यावर, आणि तिच्यासमोर आकड्यावर चर्चा नको. तीन महिन्यांनी मला पुन्हा लिहा. त्या वेळी दोघांची उंचीही भिंतीला पाठ लावून मोजून कळवा. मुलीचं नुसतं वजन कळवलंत तर मला काहीच सांगता येणार नाही.